न बोलता चाललेला कॉल

आमच्या घरातलं नेट माझ्या नवऱ्यासमोर कधीच बिघडत नसे. तो संध्याकाळी सहा-सव्वासहाला शाळेतून यायचा, बूट काढायच्या आधी फोन काढायचा, काहीतरी उघडून बघायचा आणि म्हणायचा, "चालतंय की गं." एवढं ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. दिवसभर मी त्या राउटरच्या डबड्याची मनधरणी करत बसायची, आणि हा दारात आला रे आला की डबडं हिरवे दिवे लावून गरीब गाईसारखं बघायचं.

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मनाला लावून घेणार नाही. वीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीत लघुलेखिका होते. साहेबांचं वाक्य पुरतं व्हायच्या आत ते माझ्या वहीत उतरलेलं असायचं. मग साहेब मंडळी यंत्राशी बोलायला लागली, यंत्र ते लिहून द्यायला लागलं, आणि मला एक फुलांचा गुच्छ देऊन गोड शब्दांत घरी पाठवलं. वर्षभर मी घरात बसून कपाटं आवरली. आवरून झालेली कपाटं पुन्हा आवरली. नवरा घाबरून स्वतःचे मोजेसुद्धा घडी घालून ठेवायला लागला.

आणि मग एका कंपनीची जाहिरात दिसली. कुठेतरी सभा चालू असते, वर्ग चालू असतो. तिथलं बोलणं आपण घरी बसून कानांनी ऐकायचं आणि तिथल्या तिथे टाइप करायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या पडद्यावर ते ओळीओळीनं उमटतं. त्यासाठी जलद बोटं आणि तिखट कान हवे होते. रविवार सोडून रोज दहा ते एक. जाहिरात वाचून मी चक्क रडले. मला ही नोकरी हवी होती; इतकी हवी होती की मी ते घरात कोणाला धड सांगितलंही नाही.

चाचणी एका तासाची होती. परीक्षक बाईंना स्वतःला ऐकू येत नाही. त्या माझ्या ओळी फक्त वाचणार होत्या, आणि मी खरंच मी आहे ना हे कळावं म्हणून माझा चेहरा कॅमेऱ्यातून कोपऱ्यात दिसत राहावा अशी अट होती. शुक्रवारी अकराला सुरुवात झाली. पहिली पाच मिनिटं बरी गेली. नंतर मी टाइप केलेली ओळ पलीकडे अर्ध्या मिनिटानं पोहोचायला लागली. मग दहा ओळी एकदम धाडकन जाऊन पडल्या. मग माझा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला. मग लाइनच तुटली, जोडली, पुन्हा तुटली. शेवटी परीक्षक बाईंनी बाजूच्या चौकोनात लिहिलं, "तुमची बोटं उत्तम आहेत. लाइन नाही. पुढच्या शुक्रवारी अकराला पुन्हा बघू. तेव्हाही असंच झालं तर मला दुसऱ्या कोणाला घ्यावं लागेल."

म्हणजे माझ्या हातात एक आठवडा होता.

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे घरातल्या प्रत्येक संकटाचा तो आधी नकाशा काढतो. रविवारी सकाळीच त्यानं फूटपट्टी घेऊन घराचा आराखडा काढला, फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरला, आणि जिथे जसा सिग्नल तशा रेषा काढत गेला, डोंगरांच्या काढतात तशा. बैठकीची खोली पठार निघाली. मी ज्या खोलीत काम करते ती उतारावर आणि स्वयंपाकघर खोल दरीत.

"दरीत भांड्यांचा पत्रा आहे, फ्रीज आहे," तो म्हणाला. "लहरी अडतात."

"लहरी नुसत्या अडतात कुठे? हे नेटच लहरी आहे," मी म्हटलं.

त्यानं ऐकलं नाही. राउटर लोखंडी कपाटामागून काढला, पुसला, स्टुलावर ठेवला, स्टूल टेबलावर ठेवलं. प्लग काढून तीस अंक मोजून पुन्हा लावला. माझ्या लॅपटॉपला त्यानं सरळ वायर जोडून दिली, म्हणजे लहरींचा संबंधच नको. हे सगळं अगदी शहाणपणाचं होतं, मी नाही म्हणत नाही. त्या दिवशी नेट असं पळालं की विचारू नका. नवरा दिवसभर कॉलर ताठ करून फिरला आणि संध्याकाळी तो नकाशा त्यानं चक्क भिंतीवर चिकटवला.

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी नेटनं मान टाकली.

मंगळवारी मी माझी जुनी वही काढली आणि लघुलिपीत नोंदी सुरू केल्या. वेग मोजायचा, वेळ लिहायची. कचेरीत मला लोक भांडकुदळ म्हणत, पण माझी नोंद चुकली असं वीस वर्षांत कोणी म्हटलं नाही. बुधवारी दुपारपर्यंत वही बोलायला लागली. सकाळी दहाच्या सुमाराला मंद. एकला पाच मिनिटं कमी असताना एकदम चांगलं. दुपारी तीनला पुन्हा मंद. सहाच्या आत-बाहेर चांगलं. आणि रविवारी तर दिवसभर उत्तम होतं, ते मला आठवतच होतं.

"तुला कळलं का?" मी नवऱ्याला वही दाखवत म्हटलं. "आपलं नेट नोकरीला लागलंय. दहाला जातं, जेवायला सुटतं, सहाला घरी येतं, रविवारी सुट्टी. या घरात मी सोडून सगळ्यांना नोकरी आहे."

तो हसला. मला हसू आलं नाही.

मी चौकशी केली नव्हती असं नाही. घरात माणसं तीन: मी, नवरा आणि माझे सासरे. दिवसा नवरा शाळेत, म्हणजे उरले बाबा. बाबा पुस्तकं बांधतात. घराच्या मागच्या खोलीत, माझ्या खोलीला लागूनच, त्यांचं टेबल, प्रेस, सुया, दोरा, पुठ्ठे आणि खळीचा डबा. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, कोणाकोणाच्या जुन्या वह्या, सगळं त्यांच्याकडे येतं. पन्नास वर्षं ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, एकाच टेबलाला समोरासमोर बसून हे काम करत आले. काका पानांच्या जुड्या शिवायचे, बाबा पाठ बसवून पुठ्ठा चढवायचे. मागच्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. तो महिना बाबांनी जेवण निम्म्यावर आणलं होतं. मग हळूहळू सावरले, पुन्हा कामाला बसू लागले. कसे सावरले ते आम्ही विचारलं नाही. सावरले यातच आम्हाला आनंद.

तर मंगळवारी जेवताना मी बाबांना विचारलं होतं, "बाबा, तुम्ही दिवसा नेटवर काही बघत बसता का हो?"

"मी?" बाबा म्हणाले. "सूनबाई, मला मान वर करायला वेळ नसतो."

"फोनवर कोणाशी बोलता?"

"बोलतसुद्धा नाही."

ते मला पटलं. बाबा मुळातच मितभाषी, आणि कामाच्या वेळी तर त्यांच्या तोंडाला कुलूप असतं. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियमच आहे तो: टाका घालताना बोलायचं नाही, बोललं की टाका चुकतो. मी लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली, पण मी घरी असेन तेव्हा दहा ते सहाच्या मधे मागच्या खोलीतून बोलण्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. हातोडीचा ऐकला, प्रेसच्या कुरकुरीचा ऐकला, माणसाचा नाही.

बुधवारी मी कंपनीच्या लाइनवाल्या बाईंना बोलावलं. त्या दीड वाजता आल्या, म्हणजे नेटच्या जेवणाच्या सुट्टीत. खांबावरची जोडणी बघितली, आत येऊन वेग मोजला आणि म्हणाल्या, "ताई, लाइन तर झकास आहे."

"तुम्ही उद्या अकराला या," मी म्हटलं.

"अकराला मला दुसरीकडे..."

"अकराला या. मी चहा करते, खायला करते, तुमची शिडी मी धरते. पण अकराला या."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्या गुरुवारी अकराला पाच कमी असतानाच आल्या. उंच, धिप्पाड बाई, कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलणं मोजकं. लॅपटॉपसमोर बसल्या, वेग मोजला, पुन्हा मोजला आणि भुवया वर केल्या.

"येणारं बरं आहे. जाणारं मेलंय."

"म्हणजे?"

"तुमची लाइन जुनी, तांब्याच्या तारेची. येणारा रस्ता रुंद असतो तिचा, जाणारा गल्लीएवढा. सिनेमा बघितला तर तुम्हाला काही कळायचं नाही. पण तुमच्याकडून काही बाहेर पाठवायचं म्हटलं की त्या गल्लीतून जायचं. आणि गल्लीत कोणीतरी ट्रक उभा केलाय."

"मग हटवा की तो. तुमचीच लाइन आहे."

"ट्रक तुमच्या घरातला आहे, ताई."

त्यांनी राउटरचं पान उघडलं. घरातली सगळी उपकरणं तिथे यादीनं दिसत होती आणि प्रत्येकापुढे किती आलं, किती गेलं त्याचे आकडे. माझा लॅपटॉप. माझा फोन. आणि खाली एक फोन, जो दहा वाजून तीन मिनिटांपासून एकसारखा बाहेर काहीतरी पाठवत होता. आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

"हे चित्र असणार," त्या म्हणाल्या. "व्हिडिओ कॉल. नुसत्या बोलण्याला एवढं लागत नाही. बोलणं म्हणजे गल्लीतून सायकल."

त्या फोनपुढे माझ्या नवऱ्याचं नाव होतं.

नवरा शाळेत होता आणि त्याचा फोन त्याच्या खिशात होता. म्हणजे त्याच्या नावाचा दुसरा फोन या घरात होता, आणि तो रोज दहापासून कोणालातरी तोंड दाखवत होता. बावीस वर्षांच्या संसारात जे माझ्या मनात आलं नाही ते त्या दहा सेकंदांत येऊन, पाय पसरून बसलं. मी शाळेत फोन लावला. तो वर्गात होता, कुजबुजत बोलला.

"तुझ्या नावाचा दुसरा फोन कुठाय?" मी विचारलं.

"दुसरा कुठला? अगं, तो माझा जुना. मागच्या वर्षी बाबांना नाही का दिला? काय झालं?"

"काही नाही. वर्गात लक्ष दे," म्हणून मी फोन ठेवला.

बाबा. ज्यांना मी सरळ तोंडावर विचारलं होतं, ते बाबा. माझी एवढी मोठी संधी त्या फोनपायी जायची वेळ आली होती आणि यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. मी पदर खोचल्याच्या आवेशात मागच्या खोलीकडे गेले. काय काय बोलायचं ते वाटेतच जुळवलं होतं, आणि ते थोडं नव्हतं. लाइनवाल्या बाई माझ्या मागोमाग आल्या, बहुतेक मध्ये पडायला.

बाबांची पाठ दाराकडे होती. समोर खळीच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. त्याच्या पडद्यावर चेहरा नव्हता. दोन हात होते. सुरकुतलेले, उजव्या करंगळीचं नख काळं पडलेले, सुईत दोरा ओवणारे. काकांचं ते नख प्रेसमध्ये सापडलं होतं, मला ते शंभर हातांत ओळखू येईल. पलीकडे ते हात जुड्या शिवत होते, अलीकडे बाबांचे हात पुठ्ठा कापत होते. कोणी अक्षर बोलत नव्हतं. मध्येच बाबांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं आणि बोटानं टेबलावर दोनदा टकटक केली. पलीकडचे हात थांबले. त्यांनी घातलेला टाका उसवला, दोरा ताणला आणि पुन्हा घातला.

जुळवून आणलेलं सगळं बोलणं दारातच ठेवून मी आत पाऊल टाकलं.

बाबांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "बाबा, हे कधीपासून?"

"धाकटा गेल्यावर दुसऱ्या महिन्यापासून," तेही हळूच म्हणाले. "त्याच्या लेकीनं त्याला तिकडे टेबल करून दिलं. इथून पुस्तकं पाठवतो, तो शिवून परत पाठवतो."

"मी विचारलं होतं ना तुम्हाला? फोनवर बोलता का म्हणून?"

"मग? आम्ही कुठे बोलतो?" बाबांना खरंच कळत नव्हतं. "बोललोच नाही तर नेट कशाला जाईल? मी पहिल्या दिवशीच धाकट्याला सांगितलं, पोरांचं नेट आहे, एक शब्द बोलायचा नाही."

मागे लाइनवाल्या बाईंना हसू आवरेना. त्यांनीच मग बाबांना समजावून सांगितलं: शब्दांचं ओझं नसतंच, ओझं चित्राचं असतं, हात दिसत राहिले की गल्ली भरते, मग कोणी बोलो न बोलो. बाबा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे त्या शुक्रवारी तुझी परीक्षा माझ्यामुळे बुडाली," ते म्हणाले. "मी तर मुद्दाम खोकलोसुद्धा नाही त्या दिवशी."

त्यांनी हात पुढे करून कॉल बंद केला. पलीकडचे हात सुईसकट नाहीसे झाले. "उद्या बंद ठेवतो. पुढेही ठेवतो. आम्हा म्हाताऱ्यांचं काय, सवयीचा प्रश्न आहे."

सवयीचा प्रश्न. दुपारभर ते खोलीत होते, पण हातोडीचा आवाज आला नाही. मी काकांच्या मुलीला फोन केला, म्हटलं बघावं तिकडे काय म्हणतात. ती म्हणाली, "वहिनी, काय झालं? आमचे बाबा विचारतायत, 'दादाचा फोन बिघडला का?' दहाला खुर्चीत बसायचं म्हणून ते नऊला दाढी करतात हो. नाहीतर ऑपरेशननंतर मला त्यांना अंथरुणातून उठवताना नाकी नऊ आले होते."

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खूश झाला. "सुटला की प्रश्न. उद्या तासभर बाबांनी बंद ठेवायचा."

"आणि परवा? आणि तेरवा?" मी म्हटलं. "माझी नोकरी दहा ते एक आहे. उद्या बंद ठेवून मी पास झाले तर तो कॉल कायमचा बंद झाला. काकांची खुर्ची काढून त्यावर मी बसू?"

"नवी केबल येईल ना."

"रस्ता खणायला अजून सहा महिने आहेत, लाइनवाल्या बाईंनी सांगितलं. आणि मोबाइलच्या नेटचा नकाशा काढलास तर माझी आणि बाबांची, दोन्ही खोल्या दरीत निघतील."

तो भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागला. मग मी बाबांना सांगितलं, उद्या कॉल चालू राहील, पण चित्राशिवाय, नुसता आवाज. सायकल जाईल एवढी जागा गल्लीत आहे. बाबा कबूल होईनात. हात दिसले नाहीत तर उपयोग काय, आणि आवाज कसला ऐकायचा, काम करताना बोलायचं नसतं. मी म्हटलं, बोलू नका, हातोडी ऐका. "नको," ते म्हणाले, "तुझं नुकसान झालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. बंदच ठेवू." तेव्हा माझा पारा चढला आणि मी त्यांना, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, दरडावलं. "चालू ठेवायचा म्हणजे चालू ठेवायचा." ते चटकन हो म्हणाले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला भीती वाटली ती वेगळी. आवाजाचं ओझं कमी असतं हे त्या बाईंनी सांगितलेलं, मी काही मोजलेलं नव्हतं. पुन्हा लाइन तुटली असती तर मी परत कपाटं आवरत बसले असते.

शुक्रवारी दहाला बाबांनी कॉल लावला आणि फोन डब्याला टेकवून ठेवला. पडदा काळा होता. मी वेग मोजला. जाणारं जरा दमलेलं होतं, पण जिवंत होतं. अकराला परीक्षक बाई पडद्याच्या कोपऱ्यात आल्या, आखूड पांढरे केस, जाड चष्मा. मी कानांवर हेडफोन चढवला.

चाचणीसाठी कुठल्यातरी वसाहतीची बैठक लावली होती. विषय पाण्याच्या टाकीची गळती. अध्यक्ष तोंडात सुपारी असल्यासारखे बोलत होते आणि एक सदस्य त्यांचं प्रत्येक वाक्य अर्ध्यात तोडत होते. असलं बोलणं मला फार आवडतं. बोटं सुटली. ओळ टाइप केली की दोन सेकंदांत पलीकडे उमटत होती. पाच मिनिटं, दहा, पंधरा. मला वाटायला लागलं, जमलं.

आणि भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला.

"धाकट्या, कुठवर आलास?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि बाबा फोनवर बोलतात ते असं, की तारेचा भरवसा नाही, आवाज आपल्यालाच दुसऱ्या गावापर्यंत पोहोचवायचाय. हातच दिसत नव्हते, तर विचारण्यावाचून दुसरा उपाय तरी काय होता? काकांनी काही सांगितलं असावं, कारण बाबा म्हणाले, "मग दोरा बदल." मग थोड्या वेळानं, "गुडघा काय म्हणतो?" मी दात-ओठ खाऊन अध्यक्षांकडे कान लावले. लाइन नीट होती. मीच काय ती डळमळत होते.

लघुलेखकाची एक खोड असते. कानात पडलेलं डोक्यात न शिरता थेट बोटांत उतरतं. वीस वर्षं त्या खोडीवरच माझं घर चाललं. अकरा बावीसला मी पडद्याकडे पाहिलं तेव्हा तिथे हे होतं:

अध्यक्ष: टाकीचा खालचा जोड बदलावा लागेल.

तू नसलास की हे टेबल फार मोठं वाटतं रे.

अध्यक्ष: प्लंबरला सोमवारी बोलवू.

एकदा गेलेली ओळ परत घेता येत नाही. सभेत न बोललेलं एक अक्षरही पडद्यावर येता कामा नये, हा या कामाचा पहिला नियम. पण अध्यक्ष काही थांबले नव्हते, म्हणून मीही थांबले नाही. उरलेला वेळ मी टाइप करत राहिले. डोळे भरून आले होते, ते नोकरीसाठी की त्या ओळीसाठी, मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते, त्या ओळीसाठी.

बारा वाजले. परीक्षक बाई बराच वेळ टाइप करत होत्या. मग त्यांचं लिहिलेलं आलं.

"लाइन एकदाही तुटली नाही. एका ओळीचा खुलासा हवा. अकरा बावीस. हे सभेत कोण बोललं?"

खोटं सांगायचं माझ्या मनात आलंही, पण माझी नोंद आजवर खोटी नव्हती. मी सगळं लिहिलं. भिंतीपलीकडे सासरे आहेत, पुस्तकं बांधतात. पन्नास वर्षं भावासमोर बसून न बोलता काम केलं. भाऊ आता दुसऱ्या गावी आहे. ते माझ्यासाठी चित्र बंद करून बसलेत, म्हणून बोलावं लागतंय. चूक माझी आहे, त्यांची नाही.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एक चूक धरली आहे," त्यांनी लिहिलं. "एक चालते. सोमवारी दहाला हजर राहा. आणि तुमची भिंत पातळ आहे, तिच्यावर काहीतरी जाड लावून घ्या."

मी खुर्चीतच मागे टेकले. हुश्श करून हेडफोन काढतेय तोवर आणखी एक ओळ आली.

"पण भावानं काय उत्तर दिलं?"

ते मला कुठे माहीत होतं? काकांचा आवाज भिंतीतून आला नव्हता. मी लिहिलं, "एक मिनिट," आणि उठून मागच्या खोलीत गेले. बाबा पुस्तकाच्या पाठीला खळ लावत काळ्या पडद्याशी बोलत होते, कोणत्या वाचनालयानं किती पुस्तकं पाठवली त्याबद्दल. मला पाहून त्यांनी मान वर केली.

"मी पास झाले, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "धाकट्या, सूनबाई पास झाली," ते फोनकडे वळून ओरडले. मग माझ्याकडे पाहत राहिले, कारण मी जात नव्हते.

"मघाशी तुम्ही काकांना म्हणालात, तू नसलास की टेबल मोठं वाटतं. त्यावर काका काय म्हणाले?"

बाबांचे कान लाल झाले. "तू ऐकलंस?"

"ऐकलं. आणि एका बाईंनी वाचलंसुद्धा. त्या विचारतायत."

बाबांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या पुस्तकाकडे. पुन्हा ब्रश उचलला आणि खाली बघतच सांगितलं, एरवीपेक्षा पुष्कळ हळू.

मी परत येऊन खुर्चीत बसले. परीक्षक बाई वाट बघत होत्या. मी नियमाप्रमाणे आधी बोलणाऱ्याचं नाव घातलं आणि पुढे जसंच्या तसं टाइप केलं.

काका: इथलं टेबल हातभर आहे, दादा. तरी तसंच वाटतं.